निळ्या जर्सीवरच्या मशाली

झियाद तेर्झिच आपल्या देशाकडून एकूण चार मिनिटं खेळला होता. १९८७ साली, हंगेरीतल्या पेच गावी, शाळाशाळांच्या एका मैत्री सामन्यात. त्या सामन्यापुरत्या बास्केटबॉल संघटनेने बोस्नियातल्या तुझ्ला गावच्या पोरांना राष्ट्रीय संघाच्या निळ्या जर्सी उसन्या दिल्या होत्या. छातीवर युगोस्लाव्हियाचं नाव आणि राष्ट्रचिन्ह: दोन्ही बाजूंनी गव्हाच्या लोंब्या, मधोमध जळत्या मशाली, वर लाल तारा. सामना संपल्यावर जर्सी परत करायच्या होत्या. त्या कुणीच केल्या नाहीत, आणि पुढे चारपाच वर्षांत परत घ्यायला देशच उरला नाही, तेव्हा तो प्रश्न आपोआप निकालात निघाला.

सामना ते अठ्ठावीस गुणांनी हरले होते. हे मात्र झियाद कुणाला सांगत नसे. वर्गात भूगोल शिकवताना हंगेरी आली की तो खडू खाली ठेवी, खिडकीबाहेर बघे आणि "आम्ही पेचला खेळलो तेव्हा" अशी सुरुवात करी. घंटा होईपर्यंत हंगेरीच्या नद्या आणि पिकं तशीच पडून राहत. तुझ्लात अशी माणसांची एक पिढीच आहे, ज्यांना हंगेरीत काय पिकतं ते ठाऊक नाही.

तर एका वर्षी मार्चमध्ये द्राझेनने जुन्या संघाच्या ग्रुपवर एक फोटो टाकला. द्राझेन तेव्हाचा कप्तान, आता क्रोएशियात ओसियेकला दातांचा डॉक्टर. फोटोत दहा लुकडी पोरं निळ्या जर्सीत उभी होती आणि सगळ्यांच्या चेहऱ्यावर देश आपल्यावाचून अडलाय असा भाव होता. फोनवर रडक्या चेहऱ्यांची रांग लागली. सर्बियातल्या नोवी सादहून रांकोने लिहिलं, "एकदा परत भेटू या रे. परत खेळू या. त्याच जर्सीत." मग जर्सी कुणाकडे आहे याची चौकशी झाली. कुणाची घर सोडताना राहिली होती, कुणाची बायकोने टाकली होती. झियादची जर्सी युद्धाच्या पहिल्या हिवाळ्यात त्याच्या आईने स्वयंपाकघराच्या फुटलेल्या खिडकीत कोंबली होती, आणि पुढे खिडकीबरोबर तीही गेली.

आणि मग, कुणीही विचारलेलं नसताना, झियादने लिहिलं, "जर्सी मी करून घेतो. तुम्ही फक्त या."

"तू?" वेस्ना म्हणाली. वेस्ना म्हणजे त्याची बायको. "बाल्कनीचं दार नीट बसवून घ्यायला तुला सहा वर्षं लागली. आणि तरी ते बसलं नाहीच."

"दार वेगळं," झियाद म्हणाला. "ही भावनेची गोष्ट आहे."

भावनेच्या गोष्टीसाठी तो दुसऱ्या दिवशी शाळेनंतर आइलाच्या छापखान्यात गेला. आइला त्याचीच जुनी विद्यार्थिनी. निवडणुकीचे फलक, लग्नाच्या पत्रिका आणि खांबांवर डकवायची मृत्यूची पत्रकं हा तिचा धंदा. पत्रकांची आमच्याकडे रीत ठरलेली असते. मुसलमान गेला तर हिरवी चौकट, ख्रिश्चन गेला तर काळी, आणि जो कुणालाच मानत नव्हता त्याच्या नावावर लाल तारा. झियादने फोनमधला फोटो पुढे केला. आइलाने तो मोठा करून पाहिला, तारा दिसताच आवाज खाली आणला आणि हळूच विचारलं, "कोण गेलं, मास्तर?"

तिला समजावण्यात अर्धा तास गेला. फोटो धूसर होता, म्हणून तिने चिन्ह दुसरीकडून शोधून काढलं, स्वच्छ करून कागदावर उतरवलं. झियादने ते पाहिलं, डोळे पाणावले, आणि पाणावलेल्या डोळ्यांनी त्याने ते मंजूर केलं. हीच चूक झाली. पाणावलेल्या डोळ्यांनी काहीही मंजूर करू नये.

घरी येताना इमारतीच्या दारातल्या बाकावर फ्रान्यो काका बसले होते. मिठाच्या कारखान्यात चाळीस वर्षं गोदाम सांभाळलेला माणूस. कुठलीही वस्तू हातात आली की आधी मोजायची, मग बघायची, ही सवय.

"छान काढलंय," काका म्हणाले. "मशाली किती असतात रे, मास्तर?"

"सहा. सहा प्रजासत्ताकं, सहा मशाली."

"मोज."

झियादने मोजल्या. मग चष्मा पुसून परत मोजल्या. पाच होत्या.

"मग यातून आमची गाळलीस की काय?" काका म्हणाले. काका क्रोएट. इतकी वर्षं या बाकावर बसून ते काका होते, आत्ता एका क्षणात क्रोएट झाले.

एवढ्यात भाजीची पिशवी घेऊन पहिल्या मजल्यावरच्या राबिया काकू आल्या. त्यांनी कागद हातात घेतला आणि न मोजताच परत दिला. "कुणाची गाळली हे विचारायला हवं का? आमची. जुन्या चिन्हात पाचच होत्या. बोस्नियाच्या नावाची सहावी त्रेसष्ट साली लावली. मी दुसरीत होते. आमच्या बाईंनी सगळ्यांकडून वहीत ती एक जास्तीची मशाल रंगवून घेतली होती, मला अजून आठवतंय, माझी रेघेबाहेर गेली होती."

"असं कसं होईल," झियाद म्हणाला, आणि वर जाऊन पुस्तकं काढून बसला. तसंच होतं. आइलाने उतरवलेलं चिन्ह त्रेसष्टच्या आधीचं होतं. बोस्नियात जन्मलेल्या, बोस्नियात तीस वर्षं भूगोल शिकवलेल्या माणसाने बोस्नियाच गाळलेला कागद मान डोलावून पास केला होता. तो खाली येऊन हे कबूल करेपर्यंत बाकाभोवती सहासात माणसं जमली होती.

"हा शाळेत भूगोलच शिकवतो ना?" कुणीतरी विचारलं.

"हा इतिहासाचा प्रश्न आहे," झियाद म्हणाला. "इतिहासाला दुसरे मास्तर आहेत." पण कान तापले होते ते तापलेच.

मग सल्ले सुरू झाले. तिसऱ्या मजल्यावरच्यांचं म्हणणं, मशाली नकोच, नुसता तारा ठेव. त्यांच्या बायकोचं म्हणणं, तारा तर मुळीच नको, नुसती गव्हाची लोंबी ठेव, लोंबीवर कुणाचा आक्षेप नसतो. फ्रान्यो काकांनी तडजोड काढली, "सात कर. म्हणजे कुणाला वाटायला नको." त्यावर सातवी कुणाची, हा प्रश्न कुणीतरी विचारला, आणि दोन दिवस जिन्यात कुणी कुणाशी बोललं नाही.

शेवटी सहा ठरल्या. आइलाने नवा कागद काढला, झियादने तो कोरड्या डोळ्यांनी बोट ठेवून मोजला. रांकोच्या ओळखीचा एक शिवणकारखाना सर्बियात नोवी पाझारला होता, त्यांच्याकडे कागद गेला. छातीवर छापायचं नाही, भरतकाम करायचं असं ठरलं. कारखान्याने मापं मागितली. आता पंचावन्न वर्षांच्या माणसांना तुझा घेर किती झालाय असं विचारणं झियादला बरं वाटेना. तो डोळे मिटून बसला, एकेकाला आठवलं, आणि ज्याचं जे आठवलं ते लिहून पाठवलं.

तीन आठवड्यांनी खोकं आलं, पण घरी नाही. ते जकात कचेरीत अडकलं. खिडकीमागे साखळीचा चष्मा घातलेल्या एक बाई होत्या, उद्धट नव्हत्या. उद्धट असत्या तर झियादला भांडता तरी आलं असतं.

"मूळ देश?" बाईंनी विचारलं.

"सर्बिया. तिथे शिवल्यात."

बाईंनी एक जर्सी दोन बोटांनी वर धरली. "यावर युगोस्लाव्हिया लिहिलंय."

"ते नुसतं नाव आहे."

"कागदावर एक देश आणि मालावर दुसरा असं चालत नाही हो. आणि हा दुसरा आमच्या यादीतही नाही. मी दोनदा पाहिलं."

"नसणारच. तो देश आता नाही."

"मग जुनी वस्तू म्हणून सोडवा. ही एक नमुना म्हणून न्या आणि संग्रहालयाचं पत्र आणा."

संग्रहालयातल्या अधिकाऱ्याचा मुलगा झियादच्या वर्गात होता. अधिकाऱ्याने आदराने कॉफी दिली, जर्सी नाकाशी नेली आणि म्हणाला, "मास्तर, हिला अजून इस्त्रीचा वास येतोय. मी हिला ऐतिहासिक कशी म्हणू?" झियादने सुचवलं की जर्सी नवी असली तरी तिच्यामागची भावना जुनी आहे. अधिकारी म्हणाला भावनेसाठी त्यांच्याकडे नोंदवही नाही.

तिसऱ्या फेरीला बाईंनाच दया आली. त्यांनी जाड पुस्तक उघडून एक कलम दाखवलं. उत्सवाचे व सोंगाचे कपडे. त्याला मूळ देशाचा मेळ लागत नव्हता. फक्त खाली सही हवी होती. झियादने वाचलं: मी जाहीर करतो की सदर कपडे केवळ सोंगासाठी असून त्यांवरील चिन्हांना काहीही अर्थ नाही.

त्याचं पेन थांबलं. ज्या देशात तो जन्मला, शिकला, ज्याच्यासाठी तो चार मिनिटं धावला, तो सोंग होता आणि त्याला अर्थ नव्हता, असं त्याला लिहून द्यायचं होतं. मागे रांगेत आठ माणसं होती.

"सही चौकटीच्या आत," बाई म्हणाल्या.

त्याने चौकटीच्या आत सही केली. बाईंनी शिक्का मारला, इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "माझ्या नवऱ्यासाठी एखादी मिळेल का हो? मोठी लागेल."

मोठी नव्हती. एकही नव्हती. घरी खोकं उघडल्यावर कळलं की झियादने डोळे मिटून सगळ्यांना आठवलं होतं ते सतरा वर्षांचं. दहाच्या दहा जर्सी सतरा वर्षांच्या पोरांच्या होत्या. त्याने स्वतःची अंगात घातली, म्हणजे खांद्यांपर्यंत ती आपण होऊन आली आणि पुढे वेस्नाने ओढली. पोटावर मशाली एकमेकींपासून लांब लांब गेल्या. श्वास घेतला की तारा हनुवटीकडे सरके. वेस्ना पलंगावर बसून हसत राहिली, पार डोळे पुसेपर्यंत. झियाद आरशासमोर उभा होता. त्याला हसू येत नव्हतं, आणि जर्सी काढताही येत नव्हती.

राबिया काकूंनी शिलाई यंत्र काढलं. दोन्ही बगलांखाली पट्ट्या घालायच्या ठरल्या. निळा कपडा म्हणून त्यांच्याकडे एक जुना पडदा होता. निळा होता, फक्त त्यावर बारीक पांढरी फुलं होती. "हात खाली ठेवला की दिसणार नाहीत," काकू म्हणाल्या. बास्केटबॉलमध्ये हात खाली ठेवत नाहीत, हे सांगायचं झियादने टाळलं.

मधल्या काळात शाळेचा हॉल मागायला तो मुख्याध्यापिकांकडे गेला. अर्जावर संघाचं नाव लिहायचं होतं. त्याने लिहिलेलं युगोस्लाव्हिया वाचून त्यांनी अर्ज परत सरकवला. "तेर्झिच, शहाण्यासारखं करा. अस्तित्वात असलेला संघ लिहा. उद्या वर्तमानपत्रात आलं तर मी कुणाकुणाला उत्तरं देऊ?" झियादने बराच विचार करून लिहिलं, भूगोल मंडळ. समोरचा संघ होता शिक्षकांचा. हॉलच्या दारावर कागद लागला: भूगोल मंडळ विरुद्ध शिक्षक. झियाद दोन्हींत मोडत होता, हे सगळ्यांना आधी सुचलं आणि त्याला शेवटी.

एका संध्याकाळी वेस्ना पट्ट्यांची टोकं आतून दुमडून घेत होती. आठ नंबरची जर्सी हातात आली. ती तिने मांडीवर ठेवली.

"हासिबला विचारलंस?"

"मापाचं ना? त्याला पट्टी नको. तो अजून तसाच आहे, मी बाजारात बघतो त्याला."

"मापाचं नाही."

"द्राझेनने फोन केलाय त्याला. येतो म्हणाला. म्हणजे झालंच की."

वेस्नाने दोरा दातांनी तोडला आणि पुढची जर्सी घेतली. ती काय विचारत होती ते झियादला कळलं होतं. हासिब त्यांच्या संघातला सगळ्यात चांगला खेळाडू. ड्रीना नदीकाठच्या खेड्यातला, तेव्हा वसतिगृहात राहायचा. पेचला त्या हरलेल्या सामन्यात निम्म्याहून जास्त गुण त्याच्या एकट्याचे. ब्याण्णवच्या उन्हाळ्यात त्याच्या गावात बंदूकधारी माणसं शिरली आणि त्याच्या भावाला, मेव्लोला, घेऊन गेली. भाऊ बारा वर्षांनी मातीखाली सापडला. दफनाला झियाद गेला होता, तिसऱ्या रांगेत उभा होता. हे सगळं त्याला माहीत होतं. पण त्या महिन्यात त्याच्या डोक्यात मशाली होत्या, जकात होती, पट्ट्या होत्या, आणि माहीत असलेली गोष्ट माणूस कपाटात वरच्या फळीवर ठेवतो तशी त्याने ठेवून दिली होती. "पट्ट्यांची फुलं दिसतात का ग?" त्याने विचारलं.

"दिसतात," वेस्ना म्हणाली.

मे महिन्यातल्या शनिवारी सकाळी सात जण जमले. द्राझेन ओसियेकहून भलंमोठं सॉसेज घेऊन आला, रांकोने राकिया, म्हणजे प्लमची घरगुती दारू, आणली, राबिया काकूंनी दोन पराती पिता, म्हणजे पालक भरलेली पापुद्र्यांची पोळी, भाजली. एकमेकांची पोटं थोपटून झाली, केस मोजून झाले. जर्सी पाहून द्राझेन खरंच रडला. "झियो, लेका, तू हे केलंस," असं म्हणत त्याने झियादच्या खांद्यावर डोकं ठेवलं, आणि झियादला वाटलं, जकातीच्या तीन फेऱ्या कारणी लागल्या. बाकांवर शाळेची पोरं होती, शेजारी होते, फ्रान्यो काका पहिल्या रांगेत बसून प्रत्येकाच्या छातीवरच्या मशाली मोजत होते.

हासिब सर्वांत शेवटी आला. कपडे साधे, बूट जुने पण धुतलेले, हातात बायकोने दिलेला बकलाव्याचा डबा. तो घरं तापवायच्या भट्ट्या घरोघरी जाऊन दुरुस्त करतो. हातांवर काळे डाग कायमचे. सगळ्यांना भेटला, रांकोला मिठी मारली. झियादने आठ नंबरची जर्सी त्याच्या हातात दिली. हासिबने ती उलगडून पाहिली. भरतकामावरून अंगठा फिरवला.

"मेहनत घेतलीस," तो म्हणाला, आणि कपडे बदलायच्या खोलीत गेला.

बाहेर आला तेव्हा त्याने जर्सी उलटी घातली होती. आतली बाजू बाहेर. शिवणी दिसत होत्या, आणि छातीवर रंगीत दोऱ्यांच्या गाठींचा एक पुंजका.

झियादला फार छान वाटत होतं त्या घटकेला. छान वाटत असलं की त्याचा आवाज मोठा होतो. तो हॉलच्या मधोमध उभा राहून म्हणाला, "हासिब, अरे उलटी घातलीस. मला वाटत होतं, आपल्यात मीच आधी म्हातारा झालो."

हॉल हसला. पोरं तर जास्तच हसली. हासिबही थोडा हसला. "असू दे."

"असू दे काय? नंबर कसा दिसणार? काढ, मी धरतो." आणि झियादने त्याच्या जर्सीची कड धरून वर ओढलीसुद्धा.

हासिबने त्याचं मनगट पकडलं. जोरात नाही. तो इतका जवळ आला की बाकीच्यांना वाटलं, खेळाचं काहीतरी ठरवताहेत.

"मेव्लोला नेलं ना," तो म्हणाला, "तेव्हा आईला एक कागद दिला त्यांनी. नेल्याची पावती. त्यावर याच चिन्हाचा शिक्का होता. आई रोज तो माझ्याकडून वाचून घ्यायची. मशाली सहाच आहेत, झियो. मला विचारलं असतंस तर मी सांगितलं असतं."

मग त्याने मनगट सोडलं आणि चेंडू घेतला.

सामना झाला. झियाद धावत होता, पण कुठे, ते त्याला सांगता आलं नसतं. पास त्याच्या छातीवर आदळून बाहेर जात होते. हासिब मात्र खेळला. गुडघा जरा धरला होता, पण मनगट तेच. तो बास्केट करायचा आणि पोरं टाळ्या वाजवायची, त्यांना नंबर दिसत नव्हता म्हणून ती "उलट्या, उलट्या" असं ओरडायची. हे नाव आपण पाडलं, हे झियादला दर टाळीला ऐकू येत होतं.

मधल्या सुट्टीत तो स्वच्छतागृहात गेला. आरशात पाहिलं. काहीतरी करायलाच हवं होतं. माफी मागायला शब्द नव्हते, म्हणून त्याने जर्सी काढली, उलटी केली आणि मोठ्या कष्टाने परत चढवली. बाहेर आला. फुलांच्या पट्ट्या आता पूर्ण उघड्यावर होत्या.

"ही काय नवी फॅशन?" रांकोने विचारलं. द्राझेनने दोघांकडे पाहिलं, एकदा झियादकडे, एकदा हासिबकडे, आणि त्याचा चेहरा बदलायला लागला. बाकांवर राबिया काकू उठून उभ्या राहिल्या.

हासिब पाणी पीत होता. बाटली ठेवून तो झियादपाशी आला.

"सुलटी कर."

"हासिब, मला फक्त..."

"माझ्यापुरतं होतं ते. कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. आता सगळे विचारतील, आणि मला सांगत बसावं लागेल. सुलटी कर, झियो."

झियादने तिथेच जर्सी काढायला घेतली. ती खांद्यांवर अडकली. दोन्ही हात वर, डोकं आत, पोट उघडं, अशा अवस्थेत तो तिसऱ्या वर्गाच्या ब तुकडीसमोर उभा राहिला. आत अंधार होता आणि पडद्याच्या कपड्याला राबिया काकूंच्या घरातल्या साबणाचा वास येत होता. त्याला मनापासून वाटलं की इथेच राहावं. शेवटी फ्रान्यो काकांनी उठून जर्सी ओढून काढली, सुलटी केली आणि त्याच्या डोक्यातून घातली, लहान मुलाला घालतात तशी. हॉल हसत होता. हासिब सोडून.

भूगोल मंडळ नऊ गुणांनी हरलं. नंतर सगळे जेवायला बसले तेव्हा हासिबने कुठेतरी भट्टी गळतेय असं सांगून निरोप घेतला. बकलावा ठेवून गेला. झियादने त्यातला एक तुकडा उचलला आणि तो संपवायला त्याला बराच वेळ लागला.

घरी आल्यावर तो स्वयंपाकघरात वेस्नासमोर बसला. "तू मला विचारलं होतंस."

"हो."

"मग जोर का नाही केलास?"

"माझ्यावर ढकलू नकोस, झियो," वेस्ना म्हणाली. शांतपणे म्हणाली, भांडी पुसता पुसता. ग्रुपवर द्राझेन फोटो टाकत होता, खाली टाळ्या येत होत्या. झियादने फोन उपडा ठेवला.

पुढचे तीन दिवस त्याने माफीचं भाषण तयार केलं. मास्तरच तो. प्रस्तावना, तीन मुद्दे, समारोप. चौथ्या दिवशी शाळा सुटल्यावर कॉफीचं पाकीट आणि साखरेचे खडे घेऊन तो हासिबच्या घरी गेला. गावाच्या दुसऱ्या टोकाला, चौथा मजला. पायी पंधरा मिनिटं. इतक्या वर्षांत तो या जिन्यात प्रथमच चढत होता, हे त्याला दुसऱ्या मजल्यावर धाप लागली तेव्हा जाणवलं.

हासिबच्या बायकोने, फादिलाने, कॉफी केली. हासिबने भट्ट्यांबद्दल सांगितलं, लोक लाकडाचा भुसा ओला वापरतात आणि मग नळी चोंदते. झियादने नळीबद्दल प्रश्न विचारले. गुडघा कसा आहे हे झालं. भिंतीवर मेव्लोचा फोटो होता, मिशा नुकत्या फुटलेल्या. झियादने प्रस्तावनेला सुरुवात करण्यासाठी तीनदा कप खाली ठेवला आणि तीनदा उचलला.

"हासिब, त्या दिवशी मी..."

"माहीत आहे," हासिब म्हणाला. मग साखरेचा खडा कॉफीत बुडवून म्हणाला, "तू वाईट हेतूने केलं नाहीस. पण पूर्ण इमारतीला विचारलंस, म्हणे. मशाली किती, तारा हवा की नको. राबिया काकू बाजारात सांगत होत्या."

"हो. विचारलं."

"जकातीच्या बाईला पण."

"तिलाही."

हासिबने मान हलवली, रागाने नाही, नुसती. "परत खेळणार असाल तर मी येईन. मला खेळायला आवडतं. जर्सी साधी चालेल. फक्त त्याआधी मला एक फोन कर. द्राझेनने नको. त्याला ओसियेकहून काय दिसतं? तू कर."

"करतो," झियाद म्हणाला. "नक्की करतो."

दारात हातात हात दिले. फादिलाने बाजारातली चेरी पिशवीत घालून दिली. झियाद जिना उतरायला लागला, आणि छातीवरचं ओझं खरंच थोडं हललं. त्याने ठरवलं, नुसतं म्हणून सोडायचं नाही, घरी पोचल्यावर आजच एक फोन करायचा, पोचलो म्हणून सांगायला. दुसऱ्या मजल्यावर त्याने खिशातून फोन काढला आणि हासिबचं नाव शोधलं.

नव्हतं. द्राझेन होता, रांको होता, आइला होती, संग्रहालयवाला होता, जकात कचेरी होती. त्याने जुन्या संघाचा ग्रुप उघडून एकेक नाव पाहिलं. दहा जणांचा संघ, ग्रुपवर नऊ. हासिबला तिथे कुणी कधी घेतलंच नव्हतं, आणि ते आजवर कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. ग्रुप सुरू केला होता झियादनेच.

तो जिन्यात चेरीची पिशवी धरून उभा राहिला. खालून कुणी बाई वर येत होत्या, त्यांना त्याने वाट दिली. द्राझेनला विचारलं असतं तर नंबर मिळाला असता. एका मिनिटाचं काम होतं, कुणाला कळलंही नसतं.

तो परत दोन मजले चढला आणि घंटा वाजवली. हासिबने दार उघडलं, पायात घरातल्या चपला.

"काय विसरलं?"

"तुझा नंबर," झियाद म्हणाला. "नाहीये माझ्याकडे."

हासिब त्याच्याकडे बघत राहिला. आतून फादिलाने विचारलं, कोण आहे. "झियाद आहे," हासिब म्हणाला, "लिहून घ्यायला आलाय." आणि त्याने दाराला खांदा टेकवून सावकाश, दोन दोन आकडे करत नंबर सांगायला सुरुवात केली. झियादचं बोट घामाने ओलं होतं. मध्येच एक आकडा चुकला, तो पुसायला लागला, परत विचारावं लागलं. हासिबने परत सांगितला.

"आता वाचून दाखव," हासिब म्हणाला.

झियादने चष्मा वर केला आणि पहिल्या आकड्यापासून वाचायला लागला.